सुतळीनं बांधलेली बालभारती

पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठामागचं पान कुणी वाचत नाही. मास्तर वाचत नाहीत, लेकरं वाचत नाहीत, पालक तर मागची किंमत बघून पुस्तक मिटतात. खरं तर त्या पानावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. प्रथमावृत्ती कोणत्या साली, पुनर्मुद्रण कधी, विषय समितीत कोण, चित्रं कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, कागद सत्तर जी.एस.एम. क्रीमवोव्ह, मुद्रणादेशाचा क्रमांक, मुद्रक कोण. प्रकाशक म्हणून पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाचे नियंत्रक, पत्ता प्रभादेवी, मुंबई २५. हक्क मात्र पुण्याच्या मंडळाचे. मला हे पान लहानपणीच पाठ झालं होतं, कारण उदगिरात आमचं पुस्तकांचं दुकान होतं. जून लागला की दर दुसरं गिऱ्हाईक विचारायचं, "मागल्या सालचंच हाय का बदललंय?" आणि त्याचं उत्तर फक्त त्या एका पानावर असायचं.

बालभारतीचा इतिहास पुण्यापासून सांगायची रीत आहे. त्यात चूक काही नाही. 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ' एवढं लांबलचक नाव घेऊन ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात सुरू झाली. आदल्याच वर्षी कोठारी आयोगाचा अहवाल आला होता. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष आणि आपले जे. पी. नाईक सदस्य-सचिव. चांगली आणि स्वस्त पाठ्यपुस्तकं हवी असतील तर सरकारनं स्वतः या कामात उतरावं, असं आयोगाचं म्हणणं होतं. महाराष्ट्रानं ते लगेच मनावर घेतलं. शिक्षणमंत्री पदसिद्ध अध्यक्ष, खाली संचालक, विषयवार समित्या, त्यांत प्राध्यापक, लेखक आणि वर्गात रोज उभे राहणारे शिक्षक. एवढं कुठंही वाचायला मिळतं. मला मात्र ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगायची आहे. जिथं ट्रक रिकामा होतो त्या टोकाकडून.

त्यासाठी १९६७च्या बरंच मागं जावं लागेल. माझे आजोबा शाळेत गेले तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यात होतं आणि जिल्हा बीदर होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा उदगीर उस्मानाबादेत आलं, १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. गाव जागचं हललं नाही, पाटीवरचा जिल्हा तेवढा बदलत गेला. आजोबांच्या वेळी शाळेचे टप्पे होते तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया, म्हणजे प्राथमिक, मधली आणि वरची शाळा. खालच्या वर्गांत मराठी थोडीफार असे, पण वर चढायचं तर उर्दूच. हैदराबादेत १९१७ साली 'दार-उल-तर्जुमा' नावाचं भाषांतराचं खातं निघालं, पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ आलं, आणि रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूत आणायचा मोठा उद्योग तिथं झाला. उद्योग खरंच मोठा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. एका भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवून दाखवायची हिंमत तेव्हा फार थोड्यांनी केली होती. फक्त ती भाषा आमच्या घरातली नव्हती. आजोबा वस्तानियापर्यंत शिकले. हिशेब उर्दूत ठेवायचे, पत्र लिहायचं झालं की मोडीत आणि वाचायचे बाळबोध, तेही बोट ठेवून. एका माणसाच्या तीन लिप्या झाल्या आणि त्यांतल्या एकीतही तो सुखानं लिहीत नसे.

तिकडं मुंबई इलाख्यात मराठी क्रमिक पुस्तकांना तोवर शंभर वर्षं होत आली होती. मेजर कँडीच्या देखरेखीखाली तयार झालेली पुस्तकं, त्यांतल्या साहेबी मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ओढलेले आसूड, पुढं खासगी प्रकाशकांच्या एकाहून एक वाचनमाला. हा सगळा वारसा गोदावरीच्या अलीकडं मराठवाड्याला जवळजवळ आयता आणि उशिरा मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मोकळं झालं, १९५६ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे महाराष्ट्र झाला तेव्हा त्यात तीन ठिकाणची शाळा एकत्र आली होती : मुंबई इलाख्याची, मध्य प्रांतातून आलेल्या विदर्भाची आणि निजामाची. तिघांची घडण वेगळी. या तिघांना एका पुस्तकावर आणायचं काम बालभारतीनं केलं. पुण्याच्या माणसाला ते मोठं वाटत नसेल, त्याच्याकडं पुस्तक आधीही होतंच. आमच्याकडं दादरच्या आणि उदगीरच्या पोरानं एकाच दिवशी एकच पान उघडणं ही नवी गोष्ट होती.

सरकारी मक्तेदारी म्हटलं की हल्ली नाकं मुरडतात. मीही मुरडते, वीज गेली की. पण पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत माझं मत दुकानाच्या गल्ल्यामागं बसून झालेलं आहे आणि ते बदलायचं कारण मला दिसलेलं नाही. बालभारतीच्या आधी मान्यताप्राप्त खासगी पुस्तकं असत. या शाळेत एक, त्या शाळेत दुसरं. कोणतं लावायचं ते कोण ठरवायचं आणि कशाच्या बदल्यात, हे सांगायला नको. सरकारी पुस्तकाची किंमत छापलेली, सगळीकडं एकच, आणि इतकी कमी की त्यात आम्हा दुकानदारांना सुटणारं कमिशन तुटपुंजं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, बालभारतीवर दुकान चालत नाही, बालभारतीमुळं गिऱ्हाईक दुकानात येतं एवढंच. पैसा वह्यांत, कंपासपेटीत आणि गाईडांत. त्याचंही एक गणित होतं. आमचा एक ठोकवाला पुस्तकांच्या गठ्ठ्यांसोबत गाईडांचे गठ्ठे माथी मारायचा. हे घ्यायचं तर तेही घ्या. मग आम्ही ते गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं. अण्णांना ते जमत नसे, म्हणून आमच्या माळ्यावर जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं वर्षानुवर्षं पडून असत आणि आई त्यांची पानं फाडून त्यांवर पापड वाळवायची.

लातूरला डेपो आहे. तिथून माल आला की बाजारात आधी कुजबुज व्हायची, मग झुंबड. गठ्ठा यायचा जाड तपकिरी कागदात, सुतळीनं आडवा-उभा आवळलेला. सुतळी कापायची नाही असा अण्णांचा दंडक होता. गाठ सोडवायची, सुतळी गुंडाळून ठेवायची आणि त्याच सुतळीनं संच बांधायचे. संच बांधणं हे माझं आणि भावाचं काम. खाली भूगोल, कारण तो आकारानं मोठा, त्यावर गणित, विज्ञान, इतिहास, सगळ्यांत वर मराठी. पुरा संच पहिल्या फेरीत कधी लागायचा नाही. एखादा विषय मागं राहायचाच. मग गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहून द्यायची, 'इंग्रजी बाकी', आणि तो माणूस वाढवण्याहून, देवर्जनहून पुन्हा तेवढ्या एका पुस्तकासाठी यायचा. एसटीचं तिकीट पुस्तकापेक्षा महाग पडायचं. "कामून एकदाच येत नाय ओ सगळं?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नसायचं.

नव्या पुस्तकाच्या वासावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना तो वास माहीतच नव्हता, कारण पुस्तक जुनं घेतलेलं असायचं. एक मे हा त्या व्यवहाराचा दिवस. सकाळी झेंडावंदन, मग निकाल, आणि निकालपत्रक हातात पडल्याबरोबर शाळेच्या फाटकातच सौदे. अर्ध्या किमतीला सुरुवात, कव्हर फाटलेलं असेल तर पाव. पहिल्या पानावरचं आधीच्या मालकाचं नाव खोडून नवं लिहायचं. कधी एका पानावर तीन-चार नावं एकाखाली एक, सातबाऱ्याच्या फेरफारासारखी. स्वाध्यायातल्या रिकाम्या जागा आधीच भरलेल्या असायच्या. त्या बरोबर भरलेल्या असतील असा भरवसा नसायचा, पण किंमत वाढायला तेवढं पुरे. आमच्या दुकानात हा जुना माल आम्ही घेत-विकत नव्हतो. तरी अण्णा दारात बसून पोरांना भाव करून द्यायचे. धंद्याच्या विरुद्धच होतं ते. शाळांमधून पुस्तकपेढीही असायची. गरीब पोरांना वर्षभरासाठी पुस्तकं द्यायची आणि परीक्षेनंतर परत घ्यायची. पेढीचं पुस्तक दाभणानं कडेला टोचून शिवलेलं असायचं. ते पुरतं उघडत नसे आणि घडीतली अक्षरं वाचायला मान तिरकी करावी लागे.

ही साखळी तुटायची ती 'पुस्तक बदललं' या दोन शब्दांनी. पुण्यात अभ्यासक्रम बदलतो तेव्हा त्यामागं विचार असतो. नवं संशोधन, नवी पद्धत, मुलांच्या वयाचा अभ्यास. तो विचार चुकीचा असतो असं मी म्हणत नाही. पण जुन्या पुस्तकावर वर्ष काढायचं ठरवलेल्या घरात त्याची बातमी खर्च म्हणूनच पोचायची. ज्या वर्षी एकदम दोन-तीन इयत्तांची पुस्तकं बदलायची त्या वर्षी दुकानात गर्दी दुप्पट आणि उधारी तिप्पट. चौथीचं शिवछत्रपतींचं इतिहासाचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, त्यामागची कारणं वेगळी आणि मोठी आहेत. आमच्या गल्लीत मात्र त्याचं कौतुक जरा निराळं होतं. बापाचं पुस्तक लेकाला चालायचं.

दुकानात उजव्या भिंतीची फळी उर्दूची होती. मंडळ मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा आठ भाषांत पुस्तकं काढतं. पैकी उदगिरात मराठीच्या खालोखाल खप उर्दूचा. गणिताचं मुखपृष्ठ तेच, चित्रं तीच, धडेही तेच, पण पुस्तक दुसऱ्या बाजूनं उघडायचं. लहानपणी मी चुकून उर्दूचा गठ्ठा मराठीत लावला की पुस्तकांच्या पाठी एकीकडं आणि मोकळी बाजू दुसरीकडं व्हायची आणि थप्पी फुगायची. आत मजकूर उजवीकडून डावीकडं धावतो आणि मधेच बेरीज आली की ती डावीकडून उजवीकडं. संगणकावर नस्तालिक, म्हणजे उर्दूचं वळणदार अक्षर, यायच्या आधी अशी पुस्तकं कातिब हातानं लिहीत आणि त्यावरून छपाई होई. त्या जुन्या प्रतींत ओळीच्या शेवटी शब्द जरासा वर चढवून बसवलेला असे. आजोबा दुपारी दुकानात आले की मराठीच्या फळीकडं जात नसत. उर्दूचं पाचवी-सहावीचं पुस्तक काढून वाचत बसायचे. उर्दू शाळेतली पोरं हसायची, टोपी न घातलेला म्हातारा आपलं पुस्तक इतकं सरसर कसा वाचतो म्हणून. आजोबा त्यांना एखादा कठीण शब्द विचारायचे आणि उत्तर आलं नाही की खूश व्हायचे. ज्या भाषेनं त्यांना मराठीत अडाणी ठेवलं तिच्यावर त्यांचा राग असायला हवा होता असं मला वाटायचं. कॉलेजात असताना तर मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पान उलटलं.

आता पुस्तकाच्या आतलं. आमचा मराठवाडा त्यात कितीसा होता? माझ्या वेळच्या पुस्तकात पाऊस म्हणजे कौलांवरचा, भातखाचरांतला आणि वेळेवर येणारा. आमच्याकडं मृगाच्या नावानं नुसतं आभाळ भरून यायचं. भूगोलात आम्ही होतो : पर्जन्यछायेचा प्रदेश, ज्वारी, कापूस, अवर्षण. इतिहासात वेरूळ-अजिंठा होतं, देवगिरीचे यादव होते, पैठण होतं. संतांच्या निमित्तानं नरसी आणि आपेगावही यायचं. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा मराठवाडा भरपूर होता, आजोबांचा नव्हता. स्वातंत्र्य म्हणजे १५ ऑगस्ट १९४७, एवढंच आम्ही परीक्षेत लिहायचो, आणि १७ सप्टेंबरला शाळेत पुन्हा झेंडा का लावतात ते गुरुजी तोंडी सांगायचे, आठवलं तर. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं मला शाळेच्या बाहेर कळली. आता आठवीच्या इतिहासात हैदराबाद मुक्तिसंग्राम येतो, मराठवाड्याचा वाटा येतो. थोडक्यात येतो, पण सगळ्या महाराष्ट्रातली मुलं तो वाचतात, हे त्यात महत्त्वाचं. आमच्या पोरांना पोलीस ॲक्शन, म्हणजे संस्थान मोकळं करणारी १९४८ची लष्करी कारवाई, आजी-आजोबांकडून कळतच होतं. साताऱ्याच्या पोराला ते कोण सांगणार?

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून प्रत्येक पुस्तकात आमच्याच जुन्या मुलखातली होती आणि ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा. ती लिहिणारे पैदिमर्री वेंकट सुब्बाराव मूळचे नलगोंडा जिल्ह्यातल्या अन्नेपर्तीचे, म्हणजे जन्मानं निजामाच्या संस्थानातले. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना १९६२ साली, चीनच्या युद्धाच्या काळात, त्यांनी ती तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. पुस्तकांत ती बिननावानं छापत आले. आम्ही हात पुढं करून रोज म्हणायचो आणि तिचा कर्ता आजोबांच्याच राजाचा रयत होता.

१४ नोव्हेंबर १९७१ला मंडळानं 'किशोर' मासिक सुरू केलं, वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. माझ्या मते बालभारतीनं केलेलं हे सर्वांत देखणं काम. पाठ्यपुस्तकात जे बसत नाही ते सगळं त्यात असायचं आणि खाली स्वाध्याय नसायचा. आमच्या दुकानात दोन-तीन अंक यायचे. ते विकायला असत, पण आधी मी वाचायची, मग भाऊ, आणि मग अंक विकण्याजोगा राहत नसे. जुने अंक आता मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत एखादा उघडा म्हणजे चित्रकारांनी त्या स्वस्त कागदावर काय काय करून ठेवलंय ते दिसेल.

पुस्तक सरकारी असलं की त्यावर भांडायचा हक्क सगळ्यांना असतो, याचा प्रत्यय २०१९च्या जूनमध्ये आला. दुसरीच्या गणितात 'एकवीस' सोबत 'वीस एक' अशी संख्यानामं आली आणि राज्यभर गहजब झाला. विधानसभेत विनोद झाले, फोनवर तर ऊत आला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या : जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर येतो. पुण्या-मुंबईच्या चर्चेत हे फार लांबचं उदाहरण वाटलं. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ते रोजचं आहे. बीदरकडचे कन्नड बोलणारे व्यापारी 'इप्पत्तोंदु' म्हणतात, देगलूरकडचे तेलुगूवाले 'इरवै ओकटि'. दोन्ही सरळ वीस-एकच. आमचे हमाल पोती मोजताना या तिन्ही भाषांत मोजतात आणि चुकत नाहीत. मला ती सूचना पटली होती. अण्णांना पटली नाही. "सत्तावीस म्हणायला ज्याची जीभ वळत नाही त्यानं किराणा कसा आणावा," असं ते म्हणाले, आणि आमच्या घरात त्यावर आठवडाभर वाद चालला. खासगी प्रकाशकाच्या पुस्तकावर इतका वाद घरोघरी झाला नसता.

दुकान पुढं कमी होत गेलं, ते कुणाच्या वाईटपणामुळं नव्हे. सर्व शिक्षा अभियान आलं, मग २००९चा शिक्षणहक्क कायदा. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तकं मोफत मिळू लागली. डेपोतून तालुक्याला, तालुक्याहून केंद्रशाळेला, तिथून गुरुजींच्या मोटारसायकलवर मागं बांधून गावात. मधे आमचं काम उरलं नाही. एक मेचा बाजारही बसला. अण्णांनी त्या वर्षी संच बांधायची फळी काढून तिथं झेरॉक्सचं यंत्र ठेवलं आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. एसटीचं तिकीट काढून एका पुस्तकासाठी दोनदा येणारा माणूस आता येत नव्हता, हे त्यांना दुकानापेक्षा बरं वाटत असावं. तसं ते बोलले नाहीत, हा माझा अंदाज.

२०२३ साली पुस्तकांचे चार भाग झाले आणि धड्यांच्या मधे वहीसारखी कोरी पानं आली. दप्तराचं ओझं कमी, वहीचा खर्च कमी, अशी कल्पना. दप्तर खरंच हलकं झालं असेल, पण पोरं वह्या आणायची थांबली नाहीत, कारण गुरुजी वह्या तपासतात. २०२५च्या जानेवारीत सरकारनं ती पानं बंद करायचा निर्णय घेतला. आमच्यासारख्या वह्या विकणाऱ्यांनी त्यावर काय बोलावं?

आता दुकानात बालभारती म्हणजे मुख्यतः नववी-दहावीची कुमारभारती आणि अकरावी-बारावीची युवकभारती. नववीपासूनची पुस्तकं पूर्वी बरीच वर्षं परीक्षा मंडळाच्या नावानं यायची, अलीकडं तीही पुण्याच्या त्याच छताखाली तयार होतात. पीडीएफ फुकट असते, पानावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरला की धडा बोलतो, आणि तरी दहावीचं पोरगं छापील पुस्तक मागतंच. अण्णा ऐंशीच्या पुढं आहेत. दुकान भाऊ बघतो, पण मे महिना संपत आला की ठोकवाल्याला फोन अण्णाच लावतात. २०२५ला नव्या शिक्षण धोरणाप्रमाणं पहिलीचं पुस्तक बदललं, बाकीचे वर्ग टप्प्याटप्प्यानं. अण्णांनी विचारलं, दहावीचं कधी बदलतंय. पलीकडून सांगितलं, अजून आहे वेळ. मग त्यांनी विचारलं, बदललं तर उरलेला माल परत घेणार का. नाही घेणार, असं उत्तर आलं. "मग वीसच पाठव," अण्णा म्हणाले, "आणि गाईड पाठवू नको."